"पोरगं लागलं का?" : दहावीच्या एकेचाळीस चिठ्ठ्या

गोदाकाठचा मास्तर
रविवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. गेवराई तालुक्यातल्या एका शाळेत दहावीला मराठी आणि इतिहास शिकवतो. गेल्या आठवड्यात एक तास मोकळा मिळाला (गणिताचे सर बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या कामाला, नेहमीप्रमाणे). पोरांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, नाव घालू नका म्हणालो आणि फळ्यावर दोन प्रश्न लिहिले. यशस्वी माणूस कोणाला म्हणायचं? आणि माणूस यशस्वी कशामुळं होतो?

पहिल्याला उत्तरं अपेक्षेप्रमाणंच. कलेक्टर, पीएसआय, डॉक्टर, पुण्यात कंपनीत असणारा, स्वतःच्या चारचाकीनं गावाकडं येणारा. एकानं लिहिलं, "ज्याच्याकडं दोन जेसीबी आहेत तो." दुसऱ्या प्रश्नाला मात्र सगळा वर्ग एका सुरात: मेहनत, जिद्द, चिकाटी, आत्मविश्वास. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले, पण शब्द पक्के पाठ. मीच दरवर्षी निबंधात घोकून घेतलेला माल व्याजासकट परत आला म्हणायचा.

मन काही भरेना. दुसऱ्या दिवशी प्रश्न फिरवला. म्हणालो, तुमच्या नात्यातला नाहीतर गावातला एक माणूस डोळ्यांसमोर आणा, जो तुमच्या मते पुढं गेला. नाव नको. तो कसा गेला, घडलं तसं लिहा.

ढीगच बदलला. काही चिठ्ठ्या जशाच्या तशा देतो:

"चुलत्याला मामानी पुण्यात ठेवून घेतलं. मामा नसते तर चुलता इथंच राहिला असता."

"ताई नर्सिंगला गेली कारण आमच्या फाट्यावर मानव विकासची गाडी (मुलींना शाळेत नेणारी मोफत एसटी) सुरू झाली. आत्याच्या टायमाला गाडी नव्हती. आत्या ताईपेक्षा हुशार होती म्हणे."

"वेटिंगला होता. वरच्याचं नॉन क्रिमीलेअर जुनं निघालं." (आरक्षणासाठीचा उत्पन्नाचा दाखला. वरचा त्यात बाद, म्हणून याचा नंबर.)

"आईबाप कारखान्यावर (ऊसतोडीला) जायचे. आजीनं त्याला ठेवून घेतलं म्हणून शाळा सुटली नाही. बहिणीला नेलं, बारकं लेकरू सांभाळायला."

"दोन एकर विकलं. मग लागला."

आणि एक चिठ्ठी तर एवढीच: "माहीत नाही. लागला."

मेहनत हा शब्द चार-पाच चिठ्ठ्यांत होता, तोही शेवटी, भाजीवर कोथिंबीर टाकावी तसा. लेकरं तीच, एका रात्रीचं अंतर. दोन्ही ढीग कपाटात ठेवलेत. आता यातला कोणता शिकवू? दुसरा खरा म्हणावं तर पोरं म्हणतील, मग अभ्यास कशाला. पहिला खरा म्हणावं तर माझाच मला पटेना. बोला.

खोडसाळ भाऊ
रविवार, रात्री ९:५८

सर, दोन जेसीबीवाल्याला वेगळा काढा आणि जपा. "दोन" लिहिलंय बघा त्यानं. एक जेसीबी हप्त्यात जातो, दुसऱ्यावर माणूस जगतो. एवढा हिशेब दहावीत कळतो म्हणजे त्याला तुमच्या निबंधाची गरज नाही.

मुकुंदराजाचा शेजारी
रविवार, रात्री १०:२०

अंबाजोगाईहून. मास्तर, ती शेवटची चिठ्ठी सोडून देऊ नका. सगळ्यात खरी तीच आहे.

आपल्या बोलीत नोकरी "लागते". नंबर लागतो. तसंच ठेच लागते, दृष्ट लागते, उचकी लागते, लॉटरी लागते. या सगळ्या गोष्टी माणसाला होतात, माणूस त्या करत नाही. "मी नोकरी मिळवली" असं आमच्याकडं फक्त सत्काराच्या भाषणात ऐकू येतं, तेही माईकची शिट्टी थांबल्यावर. एरवी बाजारात, पारावर, लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न: "पोरगं लागलं का?"

पोरांनी पहिल्या दिवशी पुस्तकाच्या भाषेत लिहिलं, दुसऱ्या दिवशी घरच्या. हे दोन ढीग तुम्ही समजता तशी दोन मतं नाहीत, दोन भाषा आहेत.

लातूरची रिपीटर
रविवार, रात्री ११:३५

सर, तुमचा पहिला ढीग निरुपद्रवी नाही. मी त्याच्याखाली दोन वर्षं दबले होते, म्हणून लिहिते.

आमचं गाव अहमदपूरकडं. दहावीला मराठी माध्यमातून शाळेत पहिली. सगळे म्हणाले, लातूरला टाका. ट्यूशन एरियात तिघी एका खोलीत, तीन कॉट, भिंतीला आवर्त सारणी आणि "एम्स" लिहिलेला कागद. दर रविवारी टेस्ट. संध्याकाळी मार्क बापाच्या मोबाइलवर. पप्पांना नीटमधलं काही कळत नव्हतं, पण आकडा कळायचा. ७२० पैकी किती. मागच्यापेक्षा कमी आले की त्यांचा फोन यायचा नाही. त्या न येणाऱ्या फोनची धास्ती जास्त होती.

पहिल्या वर्षी ४१०. ड्रॉप, म्हणजे वर्षभर थांबून परत तीच परीक्षा. मग ५०२. परत ड्रॉप. मग ५३८. माझ्या प्रवर्गात सरकारी एमबीबीएसला ते पुरले नाहीत. क्लासमधल्या सरांनी एकच वाक्य ऐकवलं, "मेहनत कुठंतरी कमी पडली." खोलीतली मैत्रीण लागली. आम्ही एकाच दिव्याखाली वाचायचो, झोपायचो एकाच वेळी. तिच्या माझ्या मेहनतीत अर्ध्या तासाचाही फरक नव्हता.

फरक कुठं होता ते मला फार उशिरा कळलं. ती पहिलीपासून सीबीएसईत. मी अकरावीत पहिल्यांदा बायोलॉजी इंग्रजीतून वाचली. पहिले सहा महिने पेशीभित्तिका म्हणजे सेल वॉल, हरितलवक म्हणजे क्लोरोप्लास्ट असं वहीच्या मागच्या पानांवर लिहिण्यात गेले. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, पण क्लास इंग्रजीत, नोट्स इंग्रजीत, टेस्ट सिरीज इंग्रजीत. मराठी पेपर घेणारं कोणी मला तिथं भेटलं नाही.

यश मेहनतीनंच मिळतं असं शिकवलं की न मिळणाऱ्याला एकच उत्तर उरतं: मी आळशी होते. मी नव्हते, सर. आता बीएएमएसच्या (आयुर्वेदाच्या) तिसऱ्या वर्षाला आहे, बरं चाललंय. पण गावाकडं गेले की काकू अजून विचारतात, "डॉक्टरकीला नाही का लागला नंबर?" मी डॉक्टरच होणार आहे हो काकू.

उजनीचं पाणी
सोमवार, सकाळी ७:१५

ताई, तुमचं दुःख मान्य, पण लातूरला असं झोडपू नका. बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची त्या काळात पुण्या-मुंबईच्या बरोबरीनं लातूरची पोरं झळकू लागली ती कोणाच्या वशिल्यानं? राजर्षी शाहू, दयानंद या कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी दिवाळीच्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत तास घेतले. प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या, तपासल्या, परत सोडवून घेतल्या. मेहनत नव्हती तर काय होतं ते? ना समुद्र, ना कारखाने, ना पाणी. किल्लारीचा भूकंप १९९३ चा. तो पचवून हे शहर शिकवत राहिलं.

२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी अकरावीला होतो. मेसच्या मावशींनी ताटं बंद करून पत्रावळी सुरू केल्या, कारण ताट धुवायला पाणी नाही. आम्ही त्याच पत्रावळीवर जेवून टेस्टला जायचो. मला कोणी मामा नव्हता, कोणी दोन एकर विकलं नाही. आज नोकरी आहे. हे "लागलं" नाही. हे केलंय.

खोडसाळ भाऊ
सोमवार, सकाळी ७:४०

मावशींची मेहनत कोणाच्या खात्यात धरायची?

उजनीचं पाणी
सोमवार, सकाळी ७:४४

बरं. अर्धी मावशींच्या.

बिंदुसरा
सोमवार, सकाळी ९:०५

मेहनतीबद्दल वाद नाही. पण ती कोणत्या नियमाच्या मापात घालून मोजली जाते त्याचं एक उदाहरण. नवीन पोरांना माहीतही नसेल.

२०२० पर्यंत महाराष्ट्रात मेडिकल प्रवेशाला ७०:३० होतं. आपल्या विभागातल्या कॉलेजच्या ७० टक्के जागा विभागातल्या पोरांना, उरलेल्या ३० टक्के सगळ्या राज्याला. ऐकायला न्याय्य. मेख अशी की मराठवाड्यात कॉलेजंच मोजकी आणि नीट देणारी पोरं भरमसाट. त्यामुळं इथलं मेरिट वर चढायचं. इतर विभागांत तेवढ्याच नाहीतर कमी मार्कांवर प्रवेश व्हायचा, इथं त्याच मार्कांवर घरी बसायचं. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं.

माझं वर्ष २०१९. माझ्यापेक्षा कमी मार्क असलेला दुसऱ्या विभागातला मुलगा एमबीबीएसला गेला आणि मी बी.एस्सी.ला. माझा धाकटा चुलतभाऊ २०२१ ला जवळपास माझ्याच मेरिट नंबरवर सरकारीत लागला. घरी सगळे म्हणतात त्यानं जीव तोडून अभ्यास केला. केलाच त्यानं. मीही केला होता.

आता धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना इथंही सरकारी मेडिकल झाली आहेत. दहा वर्षांनी आजच्या पोरांची मेहनत आमच्यापेक्षा जास्त फळली असं कोणी लिहील. तेव्हा हा धागा वर काढा.

अडतीसपर्यंत
सोमवार, दुपारी २:१०

आयडी वाचून कळलंच असेल. खुल्या प्रवर्गाला राज्यसेवेची वयोमर्यादा अडतीस. मी एकतीस. संभाजीनगरात औरंगपुऱ्याच्या बाजूला अभ्यासिकेत खुर्ची नंबर १७. उशी स्वतःची आहे, खुर्ची अभ्यासिकेची.

२०२३ ची तलाठी भरती सगळ्यांना आठवत असेल. जागा ४,६४४. अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या प्रवर्गाला फी हजार रुपये. म्हणजे एका खुर्चीमागं दोनशेच्या वर माणसं उभी. त्यातल्या एकानं मुलाखत दिली यूट्यूबवर, "सातत्य ठेवा, यश तुमचंच." बाकीचे दोनशे काय धरसोड करत होते का? पण त्यांची मुलाखत कोण घेणार?

माझ्या ओळीत अकरा खुर्च्या. सहा वर्षांत दोघं लागले. दोघंही खरंच अभ्यासू. पण ओळीतला सगळ्यात अभ्यासू जो होता, जो आम्हाला पॉलिटी समजावून सांगायचा, त्याचे वडील वारले आणि तो गावाकडं कृषी सेवा केंद्र टाकून बसला. त्याच्याकडं बियाणं घ्यायला येणाऱ्या माणसाला तो अजून घटनेचं कलम सांगतो म्हणे.

मास्तर, पोरं कलेक्टर का लिहितात सांगू? पगारासाठी नाही. कलेक्टर झालेल्या माणसाला परत कोणी काही विचारत नाही. लग्नाला गेलं की आईला बायका गाठतात, "लागला का?" आई म्हणते, "मेन्स दिलीय." मेन्स म्हणजे काय ते आईलाही माहीत नाही, विचारणारीलाही नाही, पण त्या शब्दावर एक लग्न निभावतं. यश म्हणजे तो प्रश्न बंद होणं. बाकी शासकीय गाडी वगैरे नंतर.

काकूंचा ठेचा
सोमवार, दुपारी ३:३०

उदगीरहून. बाळा, तू जेवलास का आधी सांग.

आणि मास्तर, पोरींच्या चिठ्ठ्या कुठायत? कलेक्टर, जेसीबी, पुणे, हे सगळं पोरांचं वाटायलंय मला. मुलींनी काय लिहिलं?

गोदाकाठचा मास्तर
सोमवार, रात्री ८:५०

काकू, पकडलंत. नावं नव्हती, पण अक्षरावरून कळतं. माझी निवडच चुकली, खरं सांगतो. पोरांच्या चिठ्ठ्या चटपटीत होत्या म्हणून त्या टंकल्या. मुलींच्या आता देतो.

"जी बाई माहेरी यायला कोणाला विचारत नाही ती."

"पोलीस. रात्री एसटीतून एकटी उतरता येतं."

"माझी मावशी, अंगणवाडीत मदतनीस आहे. पैसे थोडे आहेत पण तिच्या नावावर येतात."

"जिला दोन खोल्या आहेत."

यात कलेक्टर एकच. आणि कशामुळं या रकान्यात, दुसऱ्या दिवशीच्या, मुलींनी बहुतेक एखाद्या बाईचंच नाव… म्हणजे नातं लिहिलंय. आजी, मावशी, वहिनी. "वहिनीनं भाऊला भांडून मला अकरावीला घातलं." नर्सिंगवाल्या ताईची ती चिठ्ठी बहुधा याच मुलीची. असो, जास्त ओळखायला नको.

आसनाकाठ
सोमवार, रात्री १०:१५

नांदेडला मानसशास्त्र शिकवते. भाषण होणार नाही याची काळजी घेते.

बर्नार्ड वायनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं गेल्या शतकात, सत्तरच्या दशकात, नेमकं हेच तपासायला घेतलं: परीक्षेत पास-नापास झालेली माणसं कारण काय देतात? त्याची मांडणी सोपी आहे. कारण आतलं की बाहेरचं, टिकाऊ की बदलणारं, आणि आपल्या ताब्यातलं की नाही. मेहनत आतली, बदलणारी, ताब्यातली. बुद्धी आतली, पण टिकाऊ. नशीब बाहेरचं. पेपर अवघड होता हेही बाहेरचं. शिक्षकांना मेहनतीचं कारण आवडतं ते यासाठीच, कारण पोरगं म्हणू शकतं की पुढच्या वेळी जास्त करीन. नापास पोरानं "मी ढ आहे" म्हटलं तर खेळ संपला.

पण लातूरच्या ताईंनी त्याची दुसरी बाजू दाखवली. मेहनत करूनही हुकलं आणि कारण मात्र मेहनतच सांगितलं, की माणूस स्वतःला खायला लागतो. माझ्याकडं दरवर्षी जूनमध्ये अशी मुलं येतात. पुस्तकात त्यांचा वेगळा रकाना नाही.

दुसरं, एका चिठ्ठीत "मामा" आहे. त्याला लगेच वशिला म्हणू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा निबंध आहे. नोकऱ्यांची खबर माणसाला घरच्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त मिळते, असं त्यात दिसतं. कारण साधं, घरच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. गावात सगळ्यांची सगळ्यांशी ओळख, पण सगळ्यांना माहिती एकच: तलाठी, पोलीस, मास्तर, नीट. वशिला दार उघडून देतो. ओळख फक्त सांगते की तिकडं एक दार आहे. आपल्या पोरांना दुसऱ्याचीच जास्त टंचाई आहे.

आष्टीचा पाव्हणा
मंगळवार, सकाळी ६:२०

मॅडम दार म्हणाल्या म्हणून आमच्या तालुक्याचं सांगतो. अविनाश साबळे. मांडव्याचा. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसला रौप्य. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं दर खेपेला केनियाच नेत होती, तिथं आपला गडी घुसला. सुवर्ण हुकलं ०.०५ सेकंदानं.

आता मेहनत त्याची कोण नाकारील? पण बारावीनंतर तो सैन्यात गेला तो काही स्टीपलचेससाठी नव्हे. पळायला लागला फौजेत, आधी क्रॉस कंट्री, मग तिथल्या प्रशिक्षकानं त्याला अडथळ्यांच्या शर्यतीकडं वळवलं. मांडव्यात कोणाला माहीत होतं की खांब ओलांडून पाण्यात उडी मारायची एक शर्यत असती म्हणून?

आमच्या रस्त्यावर पहाटे भरतीची पोरं पळतात. १६०० मीटरचं घड्याळ लावून. त्यातलं एखादं ८०० चं असेल, एखादं भालाफेकीचं. बघणारं कोणी नाही. १६०० झालं की घरी.

वाळूजकर टर्नर
मंगळवार, रात्री ११:५०

सेकंड शिफ्ट सुटली, आता वाचलं सगळं. मपलं शिक्षण कमी हाय, चुकलं तर समजून घ्या.

मी दहावीला इंग्रजीत दोनदा गेलो, तिसऱ्यांदा निघालो. आयटीआय टर्नर. वाळूजला कसा आलो तर एसटीत शेजारी बसलेल्या माणसानं सांगितलं, आमच्या ठेकेदाराला हेल्पर पाहिजेत. मॅडमनी लांबची ओळख लिहिलीय ती हीच. त्या माणसाचं नाव मला आजपण माहीत नाही.

काम काय, तर मशीनमधून निघणारा लोखंडाचा कीस ट्रॉलीत भरायचा. सात महिने तेच. मशीनला हात लावू देत नव्हते. एक सेटर (मशीन लावून देणारे) होते, जालन्याकडचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी हातात ड्रॉइंग दिलं, म्हणले वाच. मला काय वाचता येईना. वर्तुळावर काट म्हणजे व्यास, हे आयटीआयला शिकलो होतो, पण पेपरापुरतं. मामांनी मग चार महिने रोज डबा खाताखाता एक ड्रॉइंग वाचून घेतलं. त्यांचा काय फायदा होता? काहीच नाही. घरी त्यांना पोरगं नव्हतं, एवढंच.

एकदा मी मायक्रोमीटर गच आवळला. माप बरोबर यावं म्हणून जोर लावला. मामांनी हातावर चापट मारली. "त्याला मागं रॅचेट कशाला दिलंय? टकटक वाजलं की थांब. जोर लावला की मापच खोटं येतं." त्या जॉबला, म्हणजे बनवायच्या तुकड्याला, वीस मायक्रॉनची सूट होती. केसापेक्षा बारीक. माझ्या जोरापायी चांगला जॉब रिजेक्ट दाखवत होता.

आता दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी लोखंड कापायची मशीन) हायेत. एक जुनी घेतलेली, एक कर्जावर. शेड भाड्याचं. चार पोरं कामाला. गावात म्हणतात, कंपनी काढली. बायको म्हणते, बँकेचा हप्ता काढला. दोन्ही खरं.

मला कोणी विचारलं यश कशामुळं, तर काय सांगू? कीस भरला ती मेहनत. मामा भेटले ते नशीब. पण माझ्यासोबत तिघं हेल्पर होते, मामा त्यांनाही ड्रॉइंग द्यायचे. एकानं चार दिवस वाचलं अन् म्हणला, आपल्याला परमनंट करणार नाहीत, कशाला डोकं घालायचं. त्याचंही चूक नव्हतं, खरंच केलं नाही कोणाला परमनंट. दुसऱ्याचं लग्न झालं, तो ऊसतोडीला गेला, उचल घेतलेली होती. तिसरा माझ्याकडंच आहे आता.

मास्तर, तुमच्या पोरांनी कोणी लिहिलंय का असलं काम? का सगळे कलेक्टरच?

गोदाकाठचा मास्तर
बुधवार, रात्री ९:२०

भाऊ, सगळ्या चिठ्ठ्या परत चाळल्या. "कंपनीत" असं सात-आठ जणांनी लिहिलंय. वर्गात विचारलं, कंपनीत काय करतात? एक म्हणाला, लॅपटॉप. दुसरा म्हणाला, गेटवर असतात. गावाकडून शंभर किलोमीटरवर वाळूज, निम्म्या गावाची माणसं तिथं, आणि आत काय चालतं हे एकालाही सांगता येईना. शिकवतो मी, तर मलाही सांगता आलं नाही. रॅचेट म्हणजे काय ते मी आज नेटवर पाहिलं.

तुम्हा सगळ्यांचं वाचून एक ठरवलंय. यंदा "यशाची गुरुकिल्ली" हा निबंध माझ्याकडून होणार नाही. त्याऐवजी विषय दिलाय: आमच्या घरातला एक माणूस, जो हुशार होता पण लागला नाही. कारण शोधून आणायचं, घरच्यांना विचारून. "नशीब" असं एका शब्दात लिहिलं तर वही परत.

उजनीचं पाणी
बुधवार, रात्री ९:३३

बोर्डाच्या पेपरात असा विषय येत नाही हो सर. पोरांचे मार्क जातील.

गोदाकाठचा मास्तर
बुधवार, रात्री ९:४१

माहीत आहे. पेपरात काय लिहायचं ते त्यांना पाठच आहे, पहिला ढीग पुरावा म्हणून कपाटात आहे. आज सहा वह्या आल्या. गाडीवाली आत्या आठवते? तिच्यावर अडीच पानं आलीत. आत्याला दहावीला किती मार्क होते ते घरात कोणालाच माहीत नव्हतं, मार्कमेमो ट्रंकेत सापडला. ७४ टक्के, १९९६ साल. त्या काळात आमच्या भागात ७४ म्हणजे पेढे. पोरीनं शेवटी लिहिलंय, "आत्याला विचारलं तुला काय व्हायचं होतं. आत्या म्हणाली, कोणी विचारलंच नव्हतं." मी त्या वहीवर सही केली, शेरा सुचला नाही.

लातूरची रिपीटर
बुधवार, रात्री ९:५५

७४ टक्के. आमच्या आईला ७१ होते. मीही आजच विचारलं.

काकूंचा ठेचा
बुधवार, रात्री १०:०२

माझे सांगणार नाही. पण होते.

अडतीसपर्यंत
बुधवार, रात्री १०:४०

सर, वर्गाला कधी गरज पडली तर मी येतो. मार्गदर्शनाला नाही, ते करणारे पुष्कळ आहेत. अर्ज कसा भरायचा, नॉन क्रिमीलेअर कोणत्या वर्षाचं चालतं, जात पडताळणीला किती महिने लागतात, डोमिसाईलला कोणते कागद, हे सांगीन. त्या वेटिंगवाल्याचा वरचा माणूस अभ्यासात नाही, कागदात पडला. असे चार तरी मी डोळ्यांनी पाहिलेत. हे कोणी शिकवत नाही आणि कोणत्याच ढिगात येत नाही.

गोदाकाठचा मास्तर
बुधवार, रात्री १०:५२

या. भाकरीला आमच्याकडंच. शनिवारी सकाळची शाळा असते.

वाळूजकर टर्नर
गुरुवार, रात्री १२:१०

अन् वर्ग इकडं आणा एक दिवस. शेड लहान हाय, दहा-दहा जण आत घेऊ. शुक्रवारी आणू नका, आमची सुट्टी असती.

गोदाकाठचा मास्तर
गुरुवार, सकाळी ६:३०

मुख्याध्यापकांशी बोललो. हो म्हणालेत, फक्त पालकांची संमतीपत्रं आणि एसटीचा दाखला लागेल. जेसीबीवाला पहिला तयार, त्यानं विचारलंय की मशीन किती हॉर्सपॉवरची. मुलींच्या घरून किती संमत्या येतात ते बघू, काकू, तुमच्या वाट्याचं भांडण मी भांडतो.

वाळूजकर टर्नर
गुरुवार, दुपारी ४:०५

पंधरा हॉर्सपॉवर, सांगा त्याला. एक महत्त्वाचं राहिलं. सगळ्यांनी बूट घालून यायचं. खाली कीस असतो, चपलेतून पायात जातो.

गोदाकाठचा मास्तर
गुरुवार, रात्री ८:१५

भाऊ, आज वर्गात नुसती नजर टाकली. एकेचाळीसपैकी बूट चौदा जणांच्या पायात.

वाळूजकर टर्नर
शुक्रवार, रात्री १२:२०

मग दहा-दहा नको, चौदा-चौदा आणू आत. बाहेर आले की बूट बदलायचे. पण मोठे नंबर आधी पाठवा, लहान पायाला मोठा बूट चालतो.